हातातली नोकरी न सोडता दुसरी शोधताना

आजचा विषय तसा घरगुतीच आहे. नोकरी आहे, महिन्याच्या महिन्याला पगार होतो, आणि तरी दुसरी शोधायची आहे. अशा माणसाने काय करावं, कोणत्या क्रमाने करावं आणि पाय कुठे घसरतो, एवढंच आज बघायचं आहे. बायोडेटा कसा लिहावा, मुलाखतीला कोणता शर्ट घालावा, यावर बोलणारे पुष्कळ आहेत, त्यात आम्ही वेळ घालवणार नाही. आम्ही बोलणार आहोत ते कागदांबद्दल आणि तारखांबद्दल. कारण सल्ल्याला येणाऱ्या लोकांचं नुकसान मुलाखतीत कमी होतं. राजीनामा आणि नव्या ठिकाणी रुजू होणं, या दोन्हींच्या मधल्या दिवसांत जास्त होतं, असा आमचा अनुभव आहे.

आपल्याकडे एक म्हण आहे, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. घरातली वडीलधारी मंडळी ही म्हण नोकरी बदलू नये म्हणून सांगतात. पण नीट ऐकलं तर ती तसं सांगत नाही. पळत्याकडे बघूच नका, असं तिच्यात कुठे आहे? हातचं सोडू नका, इतकंच आहे. आजच्या विषयाची सगळी गंमत आणि सगळी अडचण त्यातच आहे, की हातचं धरून ठेवून दुसरीकडे हात पुढे करायचा.

आधी एक खटकणारा प्रश्न मोकळा करू. पगार एकाचा घ्यायचा आणि गुपचूप दुसरीकडे मुलाखती द्यायच्या, ही बेइमानी नाही का? बऱ्याच जणांच्या मनात हे असतं, विशेषतः ज्यांना कंपनीने शिकवलं, अडीअडचणीला साहेबांनी सांभाळून घेतलं, त्यांच्या. याचं उत्तर भावनेने देता येईल, पण कायदा काय म्हणतो ते आधी बघू, म्हणजे जमीन पक्की होते.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचं कलम २७ सांगतं की कोणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय किंवा पेशा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. मग नेमणूकपत्रात जी कलमं असतात, दुसरीकडे काम करणार नाही, प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही, ती सगळी रद्दी समजायची का? तसं नाही. इथे कल्याणची एक गोष्ट सांगायला हवी.

कल्याणजवळ सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे. साठच्या दशकात तिथे टायरसाठी लागणाऱ्या दोऱ्याचं उत्पादन परदेशी कंपन्यांच्या तंत्रज्ञानावर सुरू व्हायचं होतं. तंत्रज्ञान देणाऱ्यांची अट होती की ते गुप्त राहिलं पाहिजे, आणि कामगारांकडूनही तसं लिहून घेतलं पाहिजे. निरंजन गोलिकरी नावाचे शिफ्ट सुपरवायझर मार्च १९६३ मध्ये पाच वर्षांच्या करारावर लागले. त्यांना प्रशिक्षण मिळालं. १९६४ च्या शेवटी ते सोडून गेले आणि कोट्याला, राजस्थान रेयॉनमध्ये, तशाच कामावर रुजू झाले. कंपनी कोर्टात गेली. प्रकरण कल्याणच्या कोर्टापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, आणि १९६७ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कराराची पाच वर्षं संपेपर्यंत, म्हणजे मार्च १९६८ पर्यंत, त्यांना त्या दोऱ्याच्या उत्पादनाचं काम दुसरीकडे करता येणार नाही, असा तो मनाई हुकूम होता.

आता यात बारकाईने बघण्यासारखं असं, की न्यायालयाने त्यांना परत कल्याणला कामावर या असा आदेश दिला नाही. माणसाकडून जबरदस्तीने चाकरी करून घेण्याचा हुकूम आपला कायदा देत नाही. बंदी आली ती फक्त कराराच्या मुदतीपुरती आणि त्याच प्रकारच्या कामापुरती.

मुदत संपल्यावर काय? याचं उत्तर आपल्या श्रीरामपूरच्या क्रिकेटपटूमुळे सगळ्यांना माहीत झालं. झहीर खान आणि त्यांचं जाहिरातींचं काम बघणारी एक कंपनी यांच्यात तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यानंतरही दुसऱ्या कोणाशी करार करण्याआधी पहिली संधी आम्हाला द्यावी, असं कलम त्यात होतं. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करार संपल्यानंतर असं बंधन चालत नाही. म्हणजे ढोबळ नियम असा झाला: नोकरीत असेपर्यंत बांधिलकी खरी, नोकरी संपल्यावर अमुक ठिकाणी जाऊ नका म्हणणारं कलम बहुतेक वेळा टिकत नाही. गुप्त माहितीचं मात्र वेगळं. ती नोकरीबरोबर संपत नाही.

आणि बाँड? तो टिकू शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात निकाल दिला. तिथल्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षं पूर्ण होण्याआधी नोकरी सोडली तर दोन लाख रुपये भरायचे, असं नेमणुकीच्या अटींतच होतं. ते २००७ ला लागले, २००९ ला राजीनामा देऊन दुसऱ्या बँकेत गेले, रक्कम नाराजीने भरली आणि मग न्यायालयात गेले. न्यायालय म्हणालं, ही अट वाजवी आहे. ती माणसाला दुसरी नोकरी करण्यापासून रोखत नाही, नोकरीच्या काळातलीच आहे, आणि सरकारी बँकेला पुन्हा भरतीची सगळी प्रक्रिया करावी लागते, तिचा खर्च खरा आहे. म्हणून बाँड दिसला की घाबरू नका आणि हसण्यावारीही नेऊ नका. आकडा बघा, तारीख बघा, आणि तो आकडा नव्या पगाराच्या हिशेबात धरा.

तर बेइमानीच्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं. दुसरी नोकरी शोधणं हा तुमचा हक्क आहे. पण कामाच्या वेळात शोधणं, कंपनीच्या लॅपटॉपवर शोधणं, जाताना गिऱ्हाइकांची यादी पेनड्राइव्हवर घेऊन जाणं, हा हक्क नाही. आणि शोधणं वेगळं, एकाच वेळी दोन ठिकाणी काम करणं वेगळं. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोच्या अध्यक्षांनी जाहीर सांगितलं होतं की प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी त्याच वेळी काम करताना सापडलेल्या ३०० जणांना त्यांनी काढलं. त्यानंतर काही लोक इतके धास्तावले की बायोडेटा पाठवणंसुद्धा मूनलायटिंग आहे का, असं विचारू लागले. नाही हो. अर्ज करणं म्हणजे नोकरी करणं नव्हे.

आता शोधाकडे वळू, पण थोडक्यात. नोकरीत असलेल्या उमेदवाराची ताकद कशात असते? अनुभवात असते असं लोक म्हणतात. आम्हाला वाटतं ती नाही म्हणू शकण्यात असते. घरी बसलेला माणूस दुसऱ्या महिन्यानंतर मिळेल ते घेतो, आणि समोरच्याला ते कळतं. तुम्ही थांबू शकता. म्हणून घाईने शोधू नका. घाई केलीत की ही ताकद तुम्ही स्वतःच फुकट घालवता.

स्वतःचा मोबाइल, स्वतःचा ईमेल, स्वतःचा वेळ. ऑफिसच्या मशीनवर काय चाललंय ते आयटी विभागाला दिसू शकतं, हे आयटीवाल्यांनाच सांगावं लागतं याचं आम्हाला नवल वाटतं. नोकरीच्या साइटवर प्रोफाइल टाकताना सध्याच्या कंपनीला ते दिसू नये अशी सोय असते, ती आधी वापरा. लिंक्डइनवर संधी शोधतोय हे फक्त भरती करणाऱ्यांनाच दिसावं असं ठेवता येतं, पण तुमच्याच कंपनीच्या एचआरला ते अजिबात दिसणार नाही याची हमी लिंक्डइनही देत नाही. आणि ऑफिसातल्या मित्राला सांगू नका. मित्र वाईट असतो असं नाही. चहाच्या टपरीवर सांगितलेली गोष्ट तिसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये असते, इतकंच.

मुलाखतीसाठी सुट्टी हवी असेल तर सरळ रजा टाका, कारण वैयक्तिक म्हणा. आजी आजारी आहे म्हणू नका. आमच्या माहितीत एकाची आजी तीन महिन्यांत चार वेळा आयसीयूत गेली, आणि पाचव्या वेळी सगळा विभाग भेटायला निघाला. हसताय तुम्ही, पण खोटं लक्षात ठेवावं लागतं, रजा लक्षात ठेवावी लागत नाही.

आता येऊ मुख्य भागाकडे. नोटीस पिरियड.

पुण्यात हिंजवडीला किंवा नवी मुंबईत ऐरोलीला काम करणाऱ्या कोणालाही विचारा, नव्वद दिवस हा शब्द ते दातओठ खाऊन उच्चारतात. तुमच्या नेमणूकपत्रात नव्वद दिवसांची नोटीस लिहिलेली असते. नवी कंपनी म्हणते, तीस दिवसांत या, नाहीतर दुसरा बघतो. जाहिरातीतच लिहिलेलं असतं, तातडीने रुजू होणाऱ्यांना प्राधान्य. मग लोकांनी एक युक्ती काढली. आधी राजीनामा द्यायचा, ऑफर नसतानाच, आणि मग सांगायचं की मी नोटीसवर आहे, चाळीस दिवस उरलेत. फोन जास्त येतात, हे खरं आहे. आम्ही ते नाकारत नाही.

पण हिशेब काय होतो बघा. ज्या क्षणी राजीनामा दिलात त्या क्षणी थांबण्याची ताकद संपली. आता कॅलेंडर तुमच्या विरुद्ध चालू लागलं. पहिल्या महिन्यात दोन मुलाखती, दुसऱ्यात एक, तिसऱ्या महिन्यात आलेली ऑफर पगाराने जेमतेम सारखी, आणि तुम्ही ती घेता, कारण पुढच्या पाच तारखेला गृहकर्जाचा हप्ता आहे. युक्तीने फोन वाढले आणि हातात काय आलं? ज्याच्याकडे सहा महिन्यांचा घरखर्च हप्त्यांसकट बाजूला आहे, ज्याच्या कामाला बाजारात खरी मागणी आहे, त्याने हा डाव खेळावा. बाकीच्यांनी खेळू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मित्राने खेळला आणि जिंकला, म्हणून तर नाहीच नाही.

मग नव्वद दिवसांचं करायचं काय? पहिली गोष्ट, स्वतःचं नेमणूकपत्र काढा आणि ते कलम शब्दशः वाचा. बहुतेकांनी ते लागल्या दिवशी सही करताना पाहिलं, त्यानंतर नाही. नोटिशीऐवजी पगार भरून सुटता येतं का, आणि येत असेल तर तो पर्याय दोन्ही बाजूंना आहे की फक्त कंपनीच्या मर्जीवर आहे? कंपनीच्या मर्जीवर असं लिहिलं असेल, तर तुम्ही पैसे भरायला तयार असूनही ते नाही म्हणू शकतात. रक्कम मूळ पगारावर की एकूण पगारावर? यात दुपटीचा फरक पडू शकतो. शिल्लक रजा नोटिशीत वळती होते का? नोटिशीच्या काळात रजा घेतली तर नोटीस तेवढी लांबते का? ही उत्तरं माहीत असलेला माणूस मुलाखतीतच सांगू शकतो, मला साठ दिवस लागतील, किंवा पंचेचाळीस दिवसांत येतो पण उरलेल्या दिवसांची रक्कम तुम्ही भरा. नव्या कंपन्या ती रक्कम भरतात, पुष्कळदा भरतात. पण ते ऑफरच्या कागदावर लिहून घ्या. आणि त्याला चिकटून एखादी अट आहे का बघा, की वर्षाच्या आत सोडलंत तर ती परत करायची. बहुधा असते.

आता ऑफर. फोनवर अभिनंदन आलं म्हणजे ऑफर नव्हे. एचआरने व्हॉट्सॲपवर आकडा पाठवला म्हणजे ऑफर नव्हे. कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून आलेलं, पद, पगाराची फोड, रुजू होण्याची तारीख आणि ठिकाण असलेलं पत्र, आणि ते तुम्ही लेखी स्वीकारलंत, म्हणजे ऑफर. त्याआधी राजीनामा नाही. हे वाक्य आम्ही प्रत्येक व्याख्यानात म्हणतो आणि प्रत्येक व्याख्यानानंतर कोणीतरी येऊन सांगतो, सर, मी नेमकं तेच केलं.

तरीसुद्धा, पत्र आल्यानंतरही ऑफर मागे घेतली जाऊ शकते. मंदीचा वारा आला, प्रकल्प गेला, की हे होतं. पत्रात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही ऑफर पार्श्वभूमी तपासणीवर आणि कंपनीच्या गरजेवर अवलंबून आहे. कोर्टात जाता येतं, पण मघाचा नियम आठवा. जसं कंपनी तुमच्याकडून जबरदस्तीने काम करून घेऊ शकत नाही, तसं खासगी नोकरीत तुम्हालाही नोकरीवर घ्याच असा हुकूम सहसा मिळत नाही. भरपाई मिळालीच तर ती साधारण नोटिशीच्या पगाराच्या आसपास. म्हणून नव्वद दिवसांची नोटीस चालू असताना दर दोन आठवड्यांनी नव्या कंपनीच्या एचआरशी बोलत राहा. चौकशी करा, कागदपत्रं पाठवा, लॅपटॉप कुठल्या पत्त्यावर येणार ते विचारा. उत्तरं गोलगोल यायला लागली की समजा, आणि जुन्या ठिकाणी पूल पूर्ण तोडलेला नसेल तर तिथे बोलायला अजून वाव असतो. म्हणूनच सांगतो, शेवटच्या दिवशी मनातलं सगळं ओकून टाकण्याची हौस आवरावी.

पार्श्वभूमी तपासणीबद्दल एक. ती करणारे लोक तुमच्या पीएफच्या यूएएन क्रमांकावरून आजवरच्या नोकऱ्यांच्या तारखा पाहतात. बायोडेटात एखादी तीन महिन्यांची नोकरी लपवली असेल, तारखा ताणल्या असतील, तर ते तिथे दिसतं. आणि सध्याच्या कंपनीत चौकशी राजीनाम्यानंतरच करावी, हे तपासणीच्या फॉर्मवर लिहा. बहुतेक फॉर्मवर त्यासाठी रकाना असतो आणि लोक तो रिकामा सोडतात.

पगाराच्या आकड्याबद्दल बोलू. सीटीसी नावाचा आकडा हा पगार नव्हे. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो, ग्रॅच्युइटीचे म्हणून मूळ पगाराचे ४.८१ टक्के धरलेले असतात, विम्याचा हप्ता असतो, आणि मिळेल की नाही याची खात्री नसलेला वार्षिक बोनस असतो. दोन नोकऱ्यांची तुलना करायची तर दर महिन्याला खात्यात किती जमा होणार, एवढाच प्रश्न विचारा. आणि नवं ऑफिस वाकडला असून घर हडपसरला असेल, तर रोजचे प्रवासाचे तास त्या आकड्याशेजारी लिहून बघा.

ग्रॅच्युइटीची तारीख तर कॅलेंडरवर गोल करून ठेवावी अशी आहे. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की ती मिळते. हिशेब सोपा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, त्याला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं, आणि पूर्ण झालेल्या वर्षांनी गुणायचं. मूळ पगार चाळीस हजार असेल तर पाच वर्षांचे सुमारे १,१५,००० रुपये. आणि लोक चार वर्षं पाच महिने झाल्यावर, महिन्याला तीन हजार जास्त मिळतात म्हणून सोडून जातात! पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की पाच वर्षं झाली असं मानावं, असा उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पण सगळ्याच कंपन्या ते आपणहून मानत नाहीत. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यात ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एक वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क आला, आणि हिशेबासाठी वेतन कशाला म्हणायचं याची व्याख्याही बदलली. तेव्हा एचआरला लेखी विचारा, तुमच्या बाबतीत आकडा किती येतो.

त्याच संहितांत आणखी एक तरतूद आहे. राजीनामा देऊन गेलेल्याचं देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. आजवरचा रिवाज पंचेचाळीस दिवसांचा, आणि तो एका दिवसात बदलेल असं समजू नका. मधल्या महिन्याचा खर्च हाताशी ठेवा.

पीएफ काढू नका, बदलून घ्या. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलात तर त्यावर कर लागतो, आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षं मोजताना ती सेवा निसटते. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली नाही म्हणून अनेकांचा पीएफ अडकतो. दोन महिन्यांनंतर ती तारीख तुम्हाला स्वतःलाच पोर्टलवर भरता येते, हे फार थोड्यांना माहीत आहे.

कराचा घोटाळा मात्र जवळजवळ प्रत्येक जण करतो. समजा जुन्या कंपनीत वर्षाचा पगार अकरा लाख होता. सप्टेंबरअखेर सोडलीत, साडेपाच लाख मिळाले, कर शून्य कापला गेला. नव्या कंपनीत सोळा लाखांनी लागलात, मार्चपर्यंत आठ लाख मिळाले. नव्या कंपनीला आधीच्या साडेपाच लाखांबद्दल सांगितलंच नाही, तर तिच्या दृष्टीने तुमचं उत्पन्न आठ लाख, म्हणजे तिथेही कर शून्य. पण तुमचं खरं उत्पन्न साडेतेरा लाख आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १२,७५,००० उरतात, आणि त्यावर उपकरासह ७४,१०० रुपये कर होतो. जुलैमध्ये विवरणपत्र भरताना हे एकदम समोर येतं, वर व्याज. उपाय एवढाच, की रुजू होताच आधीच्या कंपनीतलं उत्पन्न नव्या कंपनीला लेखी कळवायचं. त्यासाठीचा फॉर्म आजवर १२ बी म्हणून ओळखला जातो. एचआर स्वतःहून मागेलच असं नाही.

आणि विमा. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तुमचे आईवडील असतात ना? ते संरक्षण शेवटच्या कामाच्या दिवशी संपतं. नव्या कंपनीत आईवडिलांना घेतात का, कोणत्या तारखेपासून, हा प्रश्न पगाराआधी विचारावा असं आम्हाला वाटतं. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं असेल तर राजीनाम्याची तारीख त्यानंतरची ठेवा. त्यात लाज कसली? दोन नोकऱ्यांमध्ये पंधरा दिवस आराम करणार असाल, तर ते पंधरा दिवस घर विम्याविना आहे हे लक्षात घ्या. जुन्या आजारांना वैयक्तिक पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत वाट पाहावी लागू शकते. त्याच विमा कंपनीकडे गटाच्या पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण ती मुदतीत मागावी लागते.

गृहकर्ज काढायचं असेल तर ते नोकरी बदलण्याआधी उरका किंवा नंतर काही महिने थांबा. बँक पगाराच्या पावत्या मागते आणि मधल्या काळात तुमच्याकडे धड कुठल्याच नसतात. बाळाचा विचार करत असलेल्या भगिनींनी हेही बघावं: प्रसूती रजेच्या पगारासाठी त्या कंपनीत आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं.

राजीनामा कसा द्यायचा? आधी तोंडी, थेट साहेबांना किंवा मॅडमना, आणि मग त्याच दिवशी ईमेल. दोन ओळी पुरतात: मी आज राजीनामा देत आहे, नियमाप्रमाणे माझा शेवटचा दिवस अमुक तारीख होतो, हातातलं काम सोपवण्यासाठी मी यादी करून देतो. कारणं लिहू नका. त्या मेलची प्रत स्वतःच्या ईमेलवर ठेवा, कारण शेवटच्या दिवशी कंपनीचा मेल बंद होतो आणि मग तारखेवरून वाद झाला तर तुमच्याकडे पुरावा नसतो. पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, मूल्यमापनाची पत्रं आधीच उतरवून घ्या. ती तुमची आहेत. बाकीच्या फाइल्स तुमच्या नाहीत.

मग केबिनमध्ये बोलावणं येतं. थांब, आम्हीही वाढवून देतो. इथे आमचा अनुभव असा की जो फक्त पैशासाठी चालला होता, त्याने थांबायला हरकत नाही, पण वाढ लेखी आली तरच. जो साहेबाच्या वागण्यामुळे, कामात काही शिकायला मिळत नाही म्हणून चालला होता, त्याच्यासाठी त्या वाढीने काहीच बदललेलं नसतं. साहेब तोच, खुर्ची तीच. शिवाय नव्या कंपनीला लेखी हो म्हणून झालं असेल, तर तिथेही तुमच्या शब्दाला किंमत आहे. तुम्ही ऑफर मागे घेतली जाण्यावर चिडता ना, मग तेच तुम्ही कसं करता?

प्रश्नोत्तरांतला एक प्रश्न इथे घेतो, कारण तो बऱ्याच जणांचा आहे. एका ताईंनी विचारलं, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, दुसऱ्या सरकारी परीक्षेचा अर्ज भरायचा आहे, कार्यालयाला आत्ताच कळवू की निवड झाल्यावर?

ताई, तुमच्या बाबतीत खासगी नोकरीतला गुप्ततेचा सल्ला उलटा लागतो. सरकारी नोकरीत अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे कार्यालयामार्फत किंवा कार्यालयाला कळवून करायचा असतो, आणि पुढे कागदपत्र तपासणीला ना हरकत प्रमाणपत्र मागतात. अर्ज कळवून केला असेल तर निवडीनंतर दिलेला राजीनामा तांत्रिक मानला जाऊन आधीची सेवा धरली जाण्याचा मार्ग मोकळा राहतो. न कळवता केला आणि नुसता राजीनामा दिला, तर आधीच्या सेवेचे फायदे गमावण्याची वेळ येते. बारा वर्षांची सेवा असेल तर ही किरकोळ बाब नाही. मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या, आवक क्रमांक घातलेली पोच घ्या, आणि प्रमाणपत्राला दोन-तीन महिने लागतात असं धरून आजच द्या.